हरकतराव कटिंगला निघतात

माणसाला टोपणनाव पडतं ते सहसा त्याच्या पाठीमागे. हरकतरावांना ते भर सभेत, तोंडावर आणि एकमताने पडलं होतं. सोसायटीच्या बैठकीत मागच्या सभेचा वृत्तांत वाचून होतो न होतो तोच ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "माझी हरकत आहे." कशाला, ते बोलता बोलता ठरायचं. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात हयात गेल्यामुळे त्यांना अशी सवय जडली होती, की कोणी सहज "आज गुरुवार" म्हणालं तरी ते विचारायचे, "कशावरून?"

मग एकदा ते पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढले. या वेळी हरकत स्टुलाने घेतली. पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचा सगळा कारभार कायमचा बंद झाला. त्या प्रसंगाबद्दल हरकतराव यापेक्षा जास्त बोलत नाहीत. फारच कोणी खोदून विचारलं तर "पंखा मात्र स्वच्छ झाला होता," एवढं सांगतात.

इस्पितळ, व्यायाम, चाकांची खुर्ची, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर सरकण्याची विद्या, नळीने लघवी काढण्याच्या वेळा, हे सगळं ते शिकले. कंपनीने काम घरी पाठवायला सुरुवात केली, तेही करू लागले आणि लोकांचे दावे पूर्वीच्याच उमेदीने फेटाळू लागले. तब्येत रुळावर आली. बिघडलं ते भलतंच. लोक त्यांच्याशी सहमत व्हायला लागले.

ही आपत्ती कोणी हलकी समजू नये. ज्या माणसाने जन्मभर वादावर भूक भागवली, त्याला सकाळ-संध्याकाळ होकार वाढले तर तो कुपोषित होणारच. शेजारी बघायला यायचे, पाय न वाजवता आत शिरायचे, आणि हरकतराव काहीही बोलले तरी मान हलवून म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं." एकदा अंगाची लाही लाही होत असताना हरकतराव मुद्दाम म्हणाले, "यंदा उकाडा असा नाहीच." समोरच्या गृहस्थाने कपाळावरचा घाम पुसत सांगितलं, "नाहीच. मला तर रात्री पांघरूण लागतं."

बायको होती ना वाद घालायला, असं कोणी म्हणेल. पण बायकोशी वाद होत नसतो. तिथे थेट निकाल लागतो.

खरा घाव घातला तो मात्र उस्तादने. उस्ताद म्हणजे समोरच्या रस्त्यावरचा सलूनवाला. त्याच्या दुकानात हरकतरावांचं आणि त्याचं वर्षानुवर्षं जुंपलेलं असायचं. विषयाला तोटा नव्हता. दाढी आधी उजव्या गालाची करावी की डाव्या, आरसा माणसाला खरं दाखवतो की उलटं दाखवतो, टक्कल डोक्यावर पडतं की डोक्यात. बाकावरची गिऱ्हाइकं दोन तट पाडून बसायची. कित्येकांचे केस वाढलेले नसतानाही ती यायची.

अपघातानंतर उस्ताद घरी येऊ लागला. दाराबाहेर चपला काढायचा, वर्तमानपत्र अंथरायचा, आणि देवघरात शिरल्यासारखं हळू बोलायचा. बोलायचाही हरकतरावांशी नाही. "वहिनी, मागे बारीक करू का?" असं तो स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचा. डोकं हरकतरावांचं, कात्री उस्तादची आणि संभाषण तिसऱ्याच दोघांचं.

"अरे, मला विचार की!" एकदा हरकतराव ओरडले.

"बरोबर आहे तुमचं," उस्ताद म्हणाला, आणि पुन्हा स्वयंपाकघराकडे वळून, "वहिनी, ते म्हणतायत त्यांना विचारू का."

त्या दिवशी हरकतराव जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण हरकत नोंदवून जेवले.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या. त्यांनी त्याच आठवड्यात विचारलं, "पुढच्या काही महिन्यांत तुम्हाला काय साध्य करायचंय? काही ध्येय?"

"कटिंग," हरकतराव म्हणाले.

"म्हणजे?"

"उस्तादच्या दुकानात जाऊन कटिंग. एकट्याने."

"आणि तिथे जाऊन?"

"भांडण."

बाई अनुभवी होत्या. त्यांनी कागदावर 'समाजात सहभाग' असं लिहिलं. मग त्यांनी खाली जाऊन पाहणी केली. लिफ्ट होती, पण लिफ्टमधून बाहेर पडलं की इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. "इथे उतार करून घ्या," बाईंनी सांगितलं. "पण एक लक्षात ठेवा. जितके इंच उंची, तितके फूट लांबी. त्यापेक्षा कमी केलात तर तो उतार नव्हे, घसरगुंडी."

काम एवढंसंच होतं. तीन पायऱ्या आणि थोडं सिमेंट. आणि एक सोसायटी.

उतारासाठी खास सभा बोलावली गेली. ती गच्चीवर भरली, कारण गच्चीवर वारा असतो. लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते आणि तिथून पुढे जिना आहे, ही गोष्ट सगळे जमल्यावर कोणाच्या तरी लक्षात आली. तेव्हा अध्यक्षांनी हरकतरावांना फोन लावला आणि तो फोन एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मधोमध ठेवला. येणारा प्रत्येक सभासद आधी त्या फोनला नमस्कार करत होता.

"लांबी पुरेशी ठेवा," फोन म्हणाला. "जितके इंच उंची, तितके फूट लांबी."

"बरोबर आहे तुमचं," सभा म्हणाली.

मग एकाने खाली जाऊन टेप धरून हिशेब केला, तेव्हा त्या मापाचा उतार पायऱ्यांपासून निघून थेट अध्यक्षांच्या गाडीच्या जागेत जाऊन पोहोचत होता. अध्यक्षांची गाडी ही सोसायटीतली सगळ्यात कमी चालवलेली आणि सगळ्यात जास्त पुसलेली वस्तू होती. सगळ्यांनी एकदम अध्यक्षांकडे पाहिलं. तेव्हा वरच्या मजल्यावरचे इंजिनियरकाका पुढे सरसावले. त्यांची सारी नोकरी फ्रीजच्या कारखान्यात गेली होती आणि त्यामुळे थंड डोक्याने सल्ला देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे असं ते मानायचे.

"एवढ्या लांबीची गरजच काय?" ते म्हणाले. "खाली जाताना गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं."

"आणि वर येताना?" फोनने विचारलं.

"वर येताना आपण सगळे तुमच्या बाजूने असू," इंजिनियरकाका म्हणाले. टाळ्या पडल्या.

"माझी हरकत आहे!"

"बरोबर आहे तुमचं," अध्यक्ष फोनकडे वाकून मायेने म्हणाले, आणि आखूड उताराचा ठराव एकमताने मंजूर झाला. होकार हा नकाराचा सर्वांत सभ्य प्रकार आहे, हे हरकतरावांना त्या संध्याकाळी कळलं.

मिस्त्री आला. तो वादात पडणारा माणूस नव्हता. "तुम्ही सांगाल तसं करतो," तो म्हणाला. "चुकीचं सांगाल तर चुकीचं, पण फिनिशिंग एक नंबर." आणि खरोखर, उतार झाला तो आरशासारखा. वर अध्यक्षांच्या इच्छेनुसार गुळगुळीत, चमकदार फरशी बसवण्यात आली. पहिल्या दिवशी मुलं तिच्यावरून घसरत होती. दुसऱ्या दिवशी मोठी माणसंही घसरली, पण त्यांनी ते आवडीने केलं नव्हतं.

उद्घाटनाला फीत बांधली गेली. हरकतराव वर लिफ्टच्या दाराशी आले, त्यांनी उतार पाहिला आणि दोन्ही चाकं घट्ट धरली. खाली उताराच्या तोंडाशी, थोड्या अंतरावर, अध्यक्षांची गाडी लखलखत उभी होती. खाली सगळी सोसायटी हात जोडून उभी होती, आणि हरकतराव आता निमूटपणे खाली येतील अशी तिची प्रामाणिक अपेक्षा होती.

"जरा जास्तच उभा वाटतोय," हरकतराव म्हणाले.

"मनाची भीती आहे ती," इंजिनियरकाका म्हणाले. "मी गणित केलंय. खुर्ची अलगद येते खाली. पिसासारखी."

एरवी हरकतरावांनी इथे हरकत घेतली असती. पण हरकतीचं काय होतं ते त्यांनी फोनवरून ऐकलं होतं. त्यांनी इंजिनियरकाकांकडे अत्यंत प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

इंजिनियरकाका चपापले. हरकतराव सहमत झाल्याची सोसायटीच्या इतिहासात नोंद नव्हती.

"तुमचंच गणित, तर पहिला मान तुमचा," हरकतराव पुढे म्हणाले. "बसा."

त्यांनी वॉचमनची खुर्ची जवळ ओढून घेतली, एका हाताने स्वतःला उचलून बुडाखालची आपली उशी आधी तिच्यावर सरकवली, मग हातांवर जोर देऊन सफाईने त्या खुर्चीत सरकले. उशी ते कोणाला देत नसत. खालची जाणीव नसलेल्या माणसाला कातडी शाबूत ठेवायची तर खुर्चीपेक्षा उशी मोलाची. रिकामी चाकाची खुर्ची त्यांनी इंजिनियरकाकांच्या पुढ्यात ढकलली. आता सगळ्या सोसायटीसमोर मागे कसं हटायचं? इंजिनियरकाका बसले, गुरुत्वाकर्षण त्यांच्या बाजूने होतंच, आणि त्यांनी ब्रेक सोडला.

फीत कापायची राहूनच गेली. ती इंजिनियरकाकांनी छातीवर घेतली. त्यानंतरच्या प्रवासात त्यांनी फक्त एक दीर्घ "अ" उच्चारला आणि अध्यक्षांच्या गाडीच्या दारात विसर्जित झाले. त्यांना काही झालं नाही, खुर्चीला काही झालं नाही. गाडीच्या दाराला मात्र इंजिनियरकाकांच्या गुडघ्यांच्या मापाचे दोन सुबक खळगे पडले.

अध्यक्ष धावत गाडीपाशी गेले. मग खळग्यांवरून हात फिरवत म्हणाले, "ही जागा गाडीसाठी सुरक्षित नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी मागच्या बाजूला हलवली. जागा रिकामी झाली. जे काम तांत्रिक मुद्द्याने, माणुसकीने आणि फोनने झालं नव्हतं, ते दोन गुडघ्यांनी केलं. मिस्त्रीने जुना उतार फोडला आणि नवा, लांबलचक, खरबरीत, दोन्ही बाजूंनी कठड्याचा उतार त्याच एक नंबर फिनिशिंगने बांधून दिला. हरकतराव त्याच्यावरून स्वतःच्या हातांनी खाली गेले आणि स्वतःच्या हातांनी वर आले. वर येईपर्यंत दमछाक झाली, पण ती त्यांची स्वतःची दमछाक होती.

आता कोणी म्हणेल, झालं. पण चांगला उतार हा फक्त एका माणसालाच आवडतो असं नाही. तो स्कूटरवाल्यांना फार आवडला. ते थेट लिफ्टपर्यंत यायला लागले. यावर उपाय म्हणून सोसायटीने उताराच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवले. त्या दोन खांबांमधून स्कूटर अगदी आरामात जात होती. अडकली ती एकच गोष्ट.

हरकतराव खांबांपाशी थांबून राहिले. अध्यक्ष आले, त्यांनी खांब पाहिले, खुर्ची पाहिली, आणि बराच वेळ विचार करून विचारलं, "खुर्ची थोडी बारीक नाही का मिळत?"

शेवटी एक खांब काढला. काढताना तो इतका घट्ट निघाला, की मिस्त्री म्हणाला, या इमारतीत पक्कं असं एवढंच काम झालं होतं.

पुढचा अडथळा फुटपाथचा. उस्तादचं दुकान फुटपाथवर होतं आणि फुटपाथ रस्त्यापासून वीतभर उंच. हरकतरावांनी नगरपालिकेत फोन केला. तिथल्या कारकुनाने सांगितलं, की फुटपाथला उतार हवा असल्यास अर्जदाराने समक्ष यावं.

"मला येता येत नाही, म्हणून तर उतार हवाय."

"येता येत नाही हे समक्ष येऊन दाखवावं लागेल."

"आणि आलो तर?"

"तर मग तुम्हाला येता येतं," कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला. "मग उतार कशाला हवा?"

हरकतरावांनी फोन ठेवला, पण त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हतं असं तेज आलं होतं. कारकुनाने त्यांना "बरोबर आहे तुमचं" म्हटलं नव्हतं. ते उगाचच आणखी दोनदा फोन करून त्याच्याशी बोलले.

उतार अर्थात त्यामुळे झाला नाही. तो मिस्त्रीने उरलेल्या मालातून, जाता जाता, कोणाला न विचारता करून टाकला. त्यावर बेकायदा बांधकामाची तक्रारही गेली आणि पाहणीसाठी एक साहेबही आले. त्यांनी आपली मोटारसायकल त्याच उतारावरून फुटपाथवर चढवली, खाली उतरले आणि आजूबाजूला बघून विचारलं, "कुठेय तो बेकायदा उतार?" लोकांनी माना हलवल्या. कुठेच नाही, असा शेरा मारून साहेब त्याच उतारावरून परत गेले.

आणि मग तो दिवस उजाडला. नळीची वेळ नुकतीच आटोपली होती, पुढच्या वेळेपर्यंत बराच अवकाश होता. बायको म्हणाली, "मी येते सोबत."

"नाही."

"कोपऱ्यापर्यंत?"

"तू आलीस की उस्ताद तुझ्याशी बोलेल."

हे तिला पटलं. दाराशी उभी राहून ती एवढंच म्हणाली, "जास्त बारीक करू नका. कान दिसतात."

उतार, खांब, फाटक पार करून हरकतराव रस्त्याच्या कडेला आले. रिकामा क्षण बघून पलीकडे जावं म्हणून थांबले, तर मागून कोणीतरी खुर्चीच्या मुठी धरल्या आणि "काळजी करू नका काका" असं कानाशी म्हणत त्यांना सुसाट ढकलायला सुरुवात केली. हरकतरावांनी हात वर केले, "अहो, थांबा!" म्हणाले, चाकं धरायचा प्रयत्न केला. पण परोपकाराने एकदा वेग घेतला की त्याला ब्रेक नसतो. त्या भल्या माणसाने त्यांना रस्ता ओलांडून, वळण घेऊन, कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या दारात नेऊन उभं केलं. चाकाच्या खुर्चीतला माणूस आणखी कुठे जाणार?

"मला कटिंगला जायचं होतं," हरकतराव म्हणाले.

"होईल, सगळं ठीक होईल," त्याने पाठीवर थोपटलं आणि समाधानाने निघून गेला.

हरकतराव परत फिरले. येताना आणखी दोघांनी मुठींकडे हात नेले, तेव्हा त्यांनी नुसतं वळून पाहिलं. विम्याचा दावा फेटाळताना ते असं बघत. हात मागे गेले.

उस्तादने दुकानाच्या उंबऱ्यावर फळी टाकून ठेवली होती. हरकतराव फळीवरून आत शिरले आणि दुकान गप्प झालं. रेडिओ बंद झाला. कोणीतरी वाचत असलेलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. आणि मग बाकावर बसलेली सगळी गिऱ्हाइकं त्यांना बसायला जागा देण्यासाठी उठून उभी राहिली. त्या दुकानात बसायची सोय घरून घेऊन आलेला एकच माणूस होता.

"आधी तुमचं करतो," उस्ताद हळू आवाजात म्हणाला. घरून निघताना वाटलं होतं तसं काहीच घडत नव्हतं. हा घरचाच उस्ताद होता, फक्त चपला घातलेला.

हरकतरावांनी एक खडा टाकून पाहिला. "उस्ताद, आरसा माणसाला उलटंच दाखवतो."

"हो ना," उस्ताद म्हणाला. हा तोच, ज्याने याच मुद्द्यावर एकदा सकाळपासून दुपारपर्यंत एकाच माणसाची दाढी केली होती.

"कात्रीपेक्षा वस्तरा सोपा. कोणालाही जमतो."

"बरोबर आहे तुमचं."

"सलून हा धंदाच नाही. माणसाने घरी बसून दाताने केस कुरतडले तरी चालतात."

बाकावरचे दोघे "खरंय, खरंय" म्हणाले. हरकतरावांच्या मनात आलं, आपण इतका सिमेंट-वाळूचा खटाटोप केला तो घरातला होकार सोडून रस्त्यापलीकडच्या होकारात येण्यासाठी? त्यापेक्षा लिफ्टपाशी थांबलो असतो. ते मागे वळून फळीकडे पाहू लागले.

"ओ काका," बाकाच्या टोकाकडून आवाज आला. खाकी कपड्यातला एक बसड्रायव्हर. या दुकानात नवा असावा. "नंबर आहेत इथे. मी मघापासून बसलोय."

सगळ्यांच्या माना ड्रायव्हरकडे वळल्या. उस्ताद ड्रायव्हरजवळ जाऊन कुजबुजला, "अहो, जरा बघा ना. ते... बसलेत."

"मीपण बसलोय! आणि मला ड्यूटी आहे."

हरकतरावांनी त्या ड्रायव्हरकडे जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसं पाहिलं. "तुमची हरकत मान्य," ते घसा साफ करत म्हणाले. "नंबर तुमचा."

"राहू द्या हो," उस्ताद पुन्हा हळू आवाजात, "तुमचं आधी..."

"उस्ताद, हे दुकान आहे की दवाखाना? दवाखान्यात मी आत्ताच जाऊन आलोय."

ड्रायव्हर खुर्चीत बसला. केस कापून घेता घेता तो आरशातून मागे बघत होता. पण हरकतरावांकडे नव्हे, चाकांकडे.

"काका, ही वळते कितीत?"

"म्हणजे?"

"गाडी हो. फिरवून दाखवा की."

हरकतरावांनी एक चाक पुढे, एक चाक मागे केलं आणि जागच्या जागी भिंगरीसारखे फिरले.

"च्यायला! आमच्या बसला अख्खा चौक लागतो. ब्रेक?"

"दोन्ही बाजूंना."

"पुढची चाकं लहान आहेत," बाकावरचा एक जाडसर गृहस्थ न राहवून म्हणाला. "हे चूक आहे. खड्ड्यात अडकणार."

"लहान आहेत म्हणून तर वळते," हरकतराव म्हणाले. "तुम्हाला काय कळतं चाकातलं?"

"का नाही कळत? माझ्या सासऱ्यांचं सायकलचं दुकान होतं!"

"सासऱ्यांचं होतं. तुमचं नव्हतं."

"अहो पण मी रोज बसायचो तिथे!"

"बसून कळत असतं तर हा बाक सगळ्यात शहाणा झाला असता."

हां हां म्हणता दोन तट पडले. मोठ्या चाकाचा पक्ष आणि लहान चाकाचा पक्ष. कोणीतरी खाली वाकून चाकाला हात लावून पाहिला, कोणी विचारलं पंक्चर झालं तर काय, कोणी म्हणालं हवा कमी आहे, कोणी म्हणालं जास्त आहे. ड्रायव्हरचे केस कापून झाले तरी तो जायचं नाव काढेना.

एकटा उस्ताद गप्प होता. पण हे गप्प राहणं निराळं होतं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. दुकानाच्या मधोमध त्याची खुर्ची उभी होती. पायाने दाबलं की वर, सोडलं की खाली, मागे रेलणारी, मान टेकायला गादी असलेली. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तिचं वळण विचारलं नव्हतं. आणि आज कोणीतरी बाहेरून आपली खुर्ची घेऊन येतो आणि त्याच्याच दुकानात भाव खाऊन जातो!

हरकतरावांचा नंबर आला. "माझ्या खुर्चीत या," उस्ताद ताठ आवाजात म्हणाला. "आम्ही चौघे उचलतो."

"मी कपाट नाही. इथेच बरा आहे."

उस्तादने कापड गुंडाळलं आणि वाकून कापायला सुरुवात केली. डावी बाजू झाली. मागची रेघ मारायला घेतली, तोच हरकतरावांनी दोन्ही हात खुर्चीवर रोवले आणि स्वतःला वर उचललं.

"हलू नका!"

"हलत नाही. बूड उचलतोय. थोड्या थोड्या वेळाने उचलावं लागतं, नाहीतर जखम होते."

"माझी रेघ वाकडी गेली!"

"रेघ वाढेल. कातडी नाही वाढत."

"माझ्या खुर्चीत बसला असता तर ही वेळ आली नसती," उस्ताद म्हणाला. "तिला गादी आहे. पायाने दाबलं की वर जाते, सोडलं की खाली येते."

"वर-खाली लिफ्टही होते. तिला कोणी खुर्ची म्हणतं का?"

"मान टेकायला जागा आहे तिला!"

"आणि जायला? इतकी वर्षं झाली, कधी दारापर्यंत तरी आली का ती? बाहेर ऊन आहे की सावली, हेसुद्धा तिला गिऱ्हाइकाने सांगावं लागतं."

उस्तादचा चेहरा लालबुंद झाला. कात्री हवेत थांबली. "हरकतराव," तो गरजला, "तुम्हाला खुर्चीतलं काही कळत नाही!"

जो माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीतच असतो, त्याला हे? सासऱ्याच्या जावयाने डोळे मिटून घेतले. उस्तादलाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्याने कात्री खाली घेतली.

"काय म्हणालास?" हरकतरावांनी हळूच विचारलं.

उस्तादने एकदा आपल्या खुर्चीकडे पाहिलं. आणि मग, धंद्याच्या इज्जतीला स्मरून, त्याने माघार घेतली नाही. "काही कळत नाही म्हणालो! तुम्ही परवा खुर्चीत बसलात. मी उभा जन्म लोकांना खुर्चीत बसवतोय!"

"माझी हरकत आहे!" हरकतराव असे ओरडले, की शेजारच्या दुकानातला शिंपी हातातलं काम टाकून धावत आला.

त्यानंतर जे झालं त्याचा वृत्तांत कोणालाच नीट देता आला नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. एवढं नक्की, की शेवटी उस्तादने कात्री टेबलावर आपटली, हरकतरावांच्या गळ्यातलं कापड ओढून काढलं आणि दाराकडे बोट दाखवलं. "निघा! असल्या माणसाचे केस मी कापत नाही!"

"कापू नकोस! निघालोच मी! माझ्या खुर्चीला निघता येतं!"

ड्रायव्हर दाराशी उभा होता. त्याची बस बहुधा केव्हाच सुटली होती. "काका, फळी धरू का?"

"विचारलंत ते बरं केलंत," हरकतराव म्हणाले. "धरा."

रस्ता, फाटक, उतार, लिफ्ट. बायकोने दार उघडलं आणि ती त्यांच्याकडे बघतच राहिली. डाव्या बाजूने ते कंपनीत बढती मिळालेल्या माणसासारखे दिसत होते, उजव्या बाजूने तुरुंगातून पळून आल्यासारखे. मागची रेघ एका कानापासून निघून वाटेतच वर चढून गेली होती.

"अहो, हे काय?"

"भांडण झालं."

"कोणाशी?"

"उस्तादशी. आणि एका सायकलवाल्याच्या जावयाशी. शिंप्याशीही थोडंसं झालं, पण त्याला अजून विषय नीट कळलेला नाही."

बायकोने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं. हसू आवरायला तिने पदर तोंडाशी नेला. "बरं. उस्तादला फोन करते. संध्याकाळी येऊन उरलेलं कापून जाईल."

"खबरदार! हाकललंय मला त्याने. तो काय घरी येईल आणि चपला काढेल? उद्या मी जातो. दुकान उघडल्या उघडल्या. नंबर लावावा लागतो तिथे."

"आणि सकाळी ऑफिसची मीटिंग आहे ना, कॅमेऱ्यावर? साहेब विचारतील की हे काय."

"विचारू दे," हरकतराव आरशात उजव्या बाजूचे केस हाताने चापून बसवत म्हणाले. "सांगेन, वाद अर्धा राहिलाय."